मावळतीचे फोटो : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पाऊस ओसरून हवा धुतली गेली की मावळतीला रंग भरतात आणि आमच्याकडे फोटोंबद्दलची पत्रंही वाढतात. बरेच प्रश्न सारखे असल्याने एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रलेखक नव्याने शिकणारे आहेत. काहींकडे फक्त मोबाइल आहे, काहींनी साधा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) सोबत मिळणाऱ्या किट लेन्ससह घेतला आहे.

प्रश्न : मोबाइलवर मावळतीचा फोटो काढला की आकाश पांढरट येतं आणि डोळ्यांना दिसलेला केशरी रंग उतरतच नाही. फोन वीसेक हजारांचा आहे. कॅमेरा घ्यावा का? (बदलापूर)

इतक्यात नको. तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींवरचा उपाय हातातल्या फोनमध्येच आहे.

आकाश पांढरं पडतं ते एक्स्पोजरमुळे, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला जातो त्यामुळे. फोन चौकटीतला सगळा प्रकाश मोजतो आणि फोटो एकंदरीत मध्यम उजेडाचा यावा असं बघतो. खाली झाडं, इमारती, ओली वाळू असा काळपट भाग जास्त असला की तो उजळवण्याच्या नादात आकाश जळतं. जळलेल्या भागात काहीच नोंदलेलं नसतं, त्यामुळे नंतर कुठलंही अ‍ॅप तिथला रंग परत आणू शकत नाही. काळोखा राहिलेला भाग मात्र बराचसा उजळता येतो. म्हणून मावळतीला एक्स्पोजर आकाशाचं धरायचं, जमिनीचं नंतर बघू.

सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट टेकवा आणि दोनेक सेकंद दाबून धरा. आयफोनवर ‘एई/एएफ लॉक’ अशी पट्टी दिसते, अनेक अँड्रॉइड फोनांवर कुलूप दिसतं. मग बाजूला आलेलं उजेडाचं चिन्ह हळूहळू खाली ओढा. ढगांच्या कडा आणि त्यांतले रंग दिसू लागले की थांबा. बोट थेट सूर्यावर टेकवलंत तर सूर्य छान येईल, बाकी सगळा कोळसा. कुलूप लावल्यावर चौकट थोडी हलवली तरी चालते, पण सूर्य पुष्कळ खाली गेला की ते सोडून पुन्हा लावा.

रंग उडतो तो व्हाइट बॅलन्समुळे. ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच असतं की उजेडावरचा पिवळा-तांबडा पगडा काढून पांढरं ते पांढरं दाखवायचं. घरातल्या दिव्याखाली ते उपयोगी पडतं, पण मावळतीला आपल्याला तो पगडाच हवा असतो. प्रो मोड (हाताने सेटिंग करायची सोय) असेल तर डब्ल्यूबी, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ५५०० केल्विनवर ठेवा, आणखी ऊब हवी तर ६५००. त्यापलीकडे नेलं की वरचं निळं आकाशही मातकट होतं. प्रो मोड नसेल तर फोटो काढल्यावर ‘वॉर्म्थ’ची पट्टी थोडी उजवीकडे न्या.

फोनचा ‘सीन’ ओळखणारा प्रकार बंद ठेवा. तो मावळती ओळखतो आणि तिच्यावर झेंडूचा रंग ओततो. आणि लेन्स पुसा! खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतोच. दुपारी तो कळत नाही, समोर सूर्य आला की फोटोभर पांढरट ओरखडा पसरतो.

प्रश्न : व्हिडिओंमध्ये ‘गोल्डन अवर’ (सूर्यास्ताच्या आसपासचा सोनेरी उजेड) तासभर चालतो. गुहागरला सूर्य टेकल्यावर ट्रायपॉड लावेपर्यंत अंधार झाला. आमचं काय चुकलं? (पुणे)

ते व्हिडिओ बहुधा युरोप-अमेरिकेतले होते. तिथे सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे जवळजवळ सरळ खाली. सूर्यबिंबाचा खालचा काठ क्षितिजाला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत कोकणात सव्वादोन ते अडीच मिनिटं जातात, लंडनला जूनमध्ये चारच्या वर. त्यानंतरचा उपयोगी संधिप्रकाश आपल्याकडे २२ ते २५ मिनिटं टिकतो, तर लंडनच्या जूनमध्ये पाऊण तास. आपला ‘अवर’ सूर्यास्ताआधीची सुमारे २५ आणि नंतरची तेवढीच मिनिटं धरून भरतो. सूर्य बुडाल्यावर दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होत जातो. ट्रायपॉड बॅगेतून काढायची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधी.

सुरुवातीला हे आकडे धरून चाला. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान). सूर्य चौकटीत आणि अजून वर असेल तर शटर (ते उघडं राहण्याचा वेळ, सेकंदांत) १/५०० ते १/१०००. टेकल्यावर १/१२५ ते १/२५०. बुडून दहा मिनिटं झाली की १/१५ च्या आसपास, वीस मिनिटांनी अर्धा ते एक सेकंद. ढग, धुरकं यांप्रमाणे हे दुपटीने-निमपटीने हलतील. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत राहा : आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर आकाश जळतंय. बिंबाचा स्वतःचा पांढरा ठिपका जळला तर त्याचा बाऊ करू नका. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची (टिपलेली कच्ची फाइल ठेवण्याची) सोय असेल तर ती चालूच ठेवा, मग व्हाइट बॅलन्सचा निर्णय घरी घेता येतो.

सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवून उठतात आणि भेळेच्या गाडीकडे जातात. तेव्हा उठू नका. वरच्या विरळ ढगांवर खालून उजेड पडतो तो त्यानंतर, आणि पुष्कळदा सगळ्यात गडद रंग बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी येतो.

प्रश्न : प्रत्यक्षात सूर्य केवढा मोठा दिसतो, फोटोत टिकलीएवढा येतो. मंदिराच्या मागे मोठा लाल गोळा कसा आणायचा? (कोल्हापूर)

सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं, माथ्यावर असो की क्षितिजावर. क्षितिजाजवळ ते मोठं वाटतं हा आपल्या नजरेचा भास. सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ते किती मोठं उमटेल याचा हिशेब सोपा आहे : लेन्सच्या फोकल लेंथला (लेन्सवरच्या मि.मी.च्या आकड्याला) ११० ने भागा. १८ मि.मी. वर ०.१६ मि.मी., ५५ वर अर्धा मि.मी., २५० वर सव्वादोन मि.मी.च्या थोडं वर. साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर सुमारे १५.६ मि.मी. उंच असतो. म्हणजे किट लेन्सच्या ५५ वर सूर्य चौकटीच्या उंचीचा तिसावा भाग, २५० वर सातवा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर तो फोटोच्या लहान बाजूच्या शंभराव्या भागाएवढाच येतो. दोन बोटांनी डिजिटल झूम केलंत तर तेच थोडे पिक्सेल ताणले जातात. वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असलेल्या फोनावर तीच निवडा.

पण नुसती लांब लेन्स घेऊन गोळा ‘मोठा’ वाटत नाही, शेजारी मापाला काहीतरी लागतं. इथे दुसरा हिशेब कामाला येतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून बरोबर सूर्याएवढी दिसते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस सुमारे १९० मीटरवरून. दहा मीटरची दीपमाळ १,१०० मीटरवरून. दीपमाळेच्या पन्नास मीटरवर उभं राहून कितीही झूम केलंत तरी सूर्य तिच्यापुढे बारकाच राहणार, कारण झूमने दोन्ही एकत्र वाढतात. म्हणून आधी पायाने लांब जायचं आणि मग झूम करायचं. तुमच्या मंदिराचा कळस दोन मीटरचा असेल तर सव्वादोनशे मीटरवरची मोकळी जागा शोधा. गच्ची, बांध, नदीचा दुसरा काठ, काहीही.

इतक्या लांब लेन्सवर सूर्य चौकटीतून सरकताना दिसतो. दर मिनिटाला तो स्वतःच्या निम्म्या रुंदीएवढा पुढे जातो, तेव्हा कळसामागे बिंब बरोबर बसलेलं राहायला मिनिटभरही मिळत नाही. फोकस कळसावर करून मॅन्युअलला टाका. शटर १/५०० च्या खाली आणू नका, लागलं तर आयएसओ ४०० करा.

प्रश्न : अलिबागच्या किनाऱ्यावरून एप्रिलच्या मध्यात कुलाबा किल्ल्याच्या मागे सूर्यास्त हवा होता, पण सूर्य किल्ल्याच्या बराच उजवीकडे बुडाला. (पनवेल)

सूर्य ‘पश्चिमेला’ मावळतो हे वर्षातून दोनच दिवस खरं असतं. आपल्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास तो होकायंत्रावर २९५ अंशांच्या आसपास बुडतो, २१ डिसेंबरला २४५ च्या आसपास आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना २७० वर. एप्रिलच्या मध्यात तो २८० वर पोचलेला असतो, म्हणजे पश्चिमेच्या दहा अंश उजवीकडे.

दोन उपाय. पहिला, तारीख बदला. हिवाळ्यात सूर्य डावीकडे, नैऋत्येच्या बाजूला सरकतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो रोज ०.४ अंश, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढा हलतो, त्यामुळे दोन दिवसांची चूकही दिसते. डिसेंबरच्या उत्तरार्धात आठवडाभर फारसा हलत नाही. प्रत्येक जागा वर्षात दोनदा येते : २० फेब्रुवारीला जिथे बुडतो, साधारण तिथेच २२ ऑक्टोबरला.

दुसरा, स्वतः हला. सूर्य किल्ल्याच्या उजवीकडे असेल तर तुम्ही डावीकडे, म्हणजे इथे दक्षिणेला चाला. सूर्य जागचा हलत नाही, किल्ला मात्र त्याच्या दिशेने उजवीकडे सरकत जातो. किलोमीटरभर लांबची वस्तू दहा अंशांनी सरकवायला सुमारे १७५ मीटर चालावं लागतं, म्हणजे दोन-तीन मिनिटांचं काम. पण हे सूर्य टेकायच्या आधी करायचं. फोनमधलं होकायंत्र पुरतं. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाचाही फरक नाही. फक्त फोन गाडीच्या टपावर ठेवून दिशा बघू नका. ‘फोटोपिल्स’सारखी अ‍ॅपं नकाशावर सूर्यास्ताची रेघच काढून देतात, त्यामुळे घरबसल्या तारीख ठरवता येते.

मरीन ड्राइव्हबद्दल विचारणाऱ्या तिघा वाचकांनाही हेच लागू. रस्त्याच्या मध्यावर उभे राहिलात तर उन्हाळ्यात सूर्य मलबार हिलच्या मागे जातो, हिवाळ्यात पाण्यात बुडतो. मुंबईत वेळही बरीच बदलते : नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास, जुलैच्या सुरुवातीला सात वीसच्या.

अलिबागला ओहोटीत किल्ल्यापर्यंत चालत जाणारे असतात. तिन्हीसांजेला भरती लागणार असेल तर तिकडे असू नका. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्यात चालत नाही. फोटोलाही ओहोटीच बरी, ओल्या वाळूचा आरसा तेव्हाच मिळतो.

प्रश्न : महाबळेश्वरच्या मुंबई पॉइंटवर दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच सूर्य गायब झाला. ढग तर नव्हते. (सातारा)

कोकणावरच्या धुरक्यात गेला. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट हवेतून येतो. निळा उजेड वाटेत विखुरतो आणि तांबडा उरतो, रंग येतो तो यामुळेच. मात्र हवेत धूळ, धूर आणि बाष्प यांचे मोठे कण असले तर ते सगळेच रंग अडवतात आणि सूर्य आधी फिकट गुलाबी आणि मग करड्या थरात नाहीसा होतो. थर क्षितिजापासून अडीच अंश वर असेल तर दहा मिनिटं गेलीच. फेब्रुवारी ते मे या काळात घाटमाथ्यावर हे गृहीत धरा आणि अर्धा तास लवकर पोचा.

हा थर सगळा वाईटही नसतो. त्यात बिंब पुरेसं मंद होतं आणि बिंब व डोंगररांगा एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा १०० ते २०० मि.मी. वर सुंदर येतात. गडद, भडक रंग हवा असेल तर पावसाळ्यातली उघडीप किंवा ऑक्टोबरचे पहिले स्वच्छ दिवस. निघण्याआधी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाचं चित्र बघा : तुमच्या डोक्यावर विरळ, उंच ढग आणि पश्चिमेला समुद्रावर मोकळं असेल तर जरूर जा. पश्चिमेकडेच दाट ढगांची भिंत असेल तर उजेड खालून यायला वाट नाही, अशा दिवशी घरीच थांबावं.

प्रश्न : सूर्याकडे कॅमेरा धरल्याने कॅमेरा किंवा डोळे बिघडतात का? (सोलापूर)

डोळ्यांना धोका खरा आहे. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलिफोटो लावून सूर्याकडे बघू नका, तो लाल आणि मवाळ दिसत असला तरी. न दिसणारे इन्फ्रारेड किरणही लेन्स एकवटते. लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या पडद्यावर बघा. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला म्हणून बघणं सुरक्षित होत नाही, तो फोटोसाठी असतो, डोळ्यांसाठी नाही. रुंद लेन्सने मावळतीचे फोटो काढल्याने सेन्सर सहसा बिघडत नाही. लांब लेन्स मात्र ट्रायपॉडवर सूर्याकडे रोखून तशीच सोडू नका, फोटोंच्या मधल्या वेळात टोपण लावा.

प्रश्न : आमच्याकडे समुद्र नाही. तलावावर फोटो काढतो, तर ऑटोफोकस पुढेमागे फिरत राहतो आणि पाणी काळं येतं. (नागपूर)

तलाव समुद्राहून सोपा : लाटा नाहीत, प्रतिबिंब पूर्ण मिळतं.

ऑटोफोकसला धरायला कडा लागते. कोऱ्या आकाशात ती नसते. फोकसचा ठिपका दूरच्या झाडांच्या रेषेवर किंवा नावेच्या काठावर ठेवा, फोकस झाला की मॅन्युअलला टाका. जवळचे दगडही स्पष्ट हवे असतील तर १८ मि.मी., एफ/११ ठेवून सुमारे दीड मीटरवर फोकस करा, पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं येईल. लेन्सवर अनंताची खूण असली तर तिच्या टोकापर्यंत रिंग फिरवू नका. पुष्कळ लेन्स खऱ्या अनंताच्या पुढेही फिरतात.

पाणी काळं येतं कारण ते सगळा उजेड परतवत नाही. उभं राहून जवळच्या पाण्याकडे बघाल तर थोडाच उजेड परततो. कॅमेरा पाण्यालगत, गुडघ्याच्याही खाली आणा, म्हणजे किरण घासून येतात आणि प्रतिबिंब उजळतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच खाऊन टाकू शकतो. तरीही फरक राहिला तर ट्रायपॉडवर तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग (एकच चौकट कमी-जास्त उजेडात) दोन-दोन स्टॉपच्या अंतराने करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि संगणकावर जोडा. जोडताना पाणी आकाशाहून थोडं काळोखंच ठेवा. प्रतिबिंब मूळ वस्तूहून उजळ दिसलं की नजरेला खोटं वाटतं.

प्रश्न : मावळतीपुढे बायकोचा फोटो काढला की चेहरा काळा येतो. (म्हापसा)

आधी ठरवा, चेहरा हवा की सावलीचित्र. सावलीचित्र हवं असेल तर त्यांना बाजूने उभं करा, म्हणजे नाक-हनुवटी दिसेल. हात अंगापासून थोडे सुटे ठेवायला सांगा. तुम्ही खाली बसा, म्हणजे डोकं समुद्राच्या रेषेत न अडकता आकाशात येईल. एचडीआर (उजळ आणि काळे भाग आपोआप सावरण्याची सोय) बंद करा, नाहीतर फोन काळ्या भागात उजेड भरून सगळं चिखलासारखं करतो.

चेहरा हवा असेल तर फ्लॅश लागेल. डीएसएलआरच्या वर उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा) साधारण ९ ते १२ असतो. त्याला अ‍ॅपर्चरने भागलं की आयएसओ १०० वरचं अंतर मीटरमध्ये मिळतं : १२ भागिले ५.६, म्हणजे दोन मीटर. चार मीटरवर त्याचा उपयोग नाही. शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका, फ्लॅशची शटरशी जुळणी तुटते. आकाशाचं एक्स्पोजर मॅन्युअलवर पक्कं करा आणि फ्लॅशची ताकद एका स्टॉपने कमी करा. फ्लॅशचा पांढरा-निळसर उजेड मावळतीत उपरा दिसतो, तेव्हा त्याच्यावर फिकट केशरी जेल किंवा जिलेटिन कागदाचा तुकडा चिकटवा.

प्रश्न : फोटोत हिरवा ठिपका येतो. लेन्स बदलली तरी जात नाही. (रत्नागिरी)

तो लेन्सच्या आतल्या काचांवरून परतलेला सूर्यच आहे. पुढे स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा. ठिपका बहुधा चौकटीच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, सूर्याच्या बरोबर समोर पडतो : सूर्य वर-उजवीकडे तर ठिपका खाली-डावीकडे. चौकट किंचित हलवून तो वाळू-खडकाच्या गर्दीत टाका किंवा सूर्य नारळाच्या खोडामागे अर्धा लपवा. अर्धा लपवताना एफ/१६ केलंत तर सूर्याला किरणांचे फाटेही फुटतात. अ‍ॅपर्चरची पाती सम असतील तर तितकेच, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे सात पात्यांना चौदा. बहुतेक फोनांच्या अ‍ॅपर्चरला अशी पाती नसल्याने त्यांत हे जमत नाही.

तुमच्याकडे खारा वारा आहे, म्हणून थोडं जास्तीचं. लेन्सवर तुषार बसले तर थेट कापड फिरवू नका, मिठाचे कण चरे पाडतात. आधी ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा), मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, शेवटी कोरडं. ट्रायपॉडचे पाय लाटेबरोबर वाळूत रुततात आणि लांब एक्स्पोजर हलतं. पाय आधीच दाबून घट्ट बसवा आणि लाट परतल्यावर शटर दाबा. घरी आल्यावर पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. नाही धुतलेत तर पुढच्या मोसमात ते उघडणार नाहीत.

प्रश्न : फोनवर छान दिसणारा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की आकाशात पट्टे पडतात. (नाशिक)

पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते. आकाशातल्या सावकाश बदलणाऱ्या रंगछटा त्यात तुटतात आणि पायऱ्या दिसतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एडिट करताना सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) खूप ताणलं असेल तर पट्टे मूळ फोटोतच असतील. फोनवर आकाशाचा भाग मोठा करून बघा, लगेच कळेल.